परड्यातला बिवळा

आमच्या आप्पांनी डोंगरातले बिवळे तोडले आणि मग घरामागच्या परड्यात एक बिवळा लावला. त्यांच्याबद्दल सांगायचं तर मला एवढंच आठवतं.

गुंजी स्टेशनापासून कोसभरावर आमचं गाव. पहिल्या जर्मन लढाईच्या दिवसांत रुळांखाली घालायला लाकूड पुरेना, तेव्हा आप्पा ठेकेदाराकडे तोडीचे मुकादम झाले. बिवळ्यावर कुऱ्हाड पडली की लाल चीक वाहतो आणि कपड्यावर पडला की जात नाही. आई धोतर आपटून दमायची आणि म्हणायची, "खाटकाचं तरी धोतर निघंल." आप्पा हसायचे. तीन-चार वर्षांत आमच्या बाजूला बिवळा औषधालाही उरला नाही.

आमच्याकडे बाळाला पहिली तीट बिवळ्याची. बारशाआधी उभ्या झाडाच्या सालीला कोयत्यानं चीर द्यायची, चीक करवंटीत धरून आटवायचा आणि पाण्याच्या थेंबात उगाळून कपाळाला लावायचा. माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा दोन दिवस रान पालथं घालूनही आप्पांना झाड मिळालं नाही. काजळावर भागवलं. पाचव्या महिन्यात भाऊ तापानं गेला. तापाचा आणि तिटीचा काय संबंध, हे आज मला कळतं. तेव्हा आई एकदाच बोलली, "सगळी तोडलासा. एक तरी ठिवायचं हुतं."

आप्पांनी मुकादमी सोडली. घाटाखालून बिवळ्याच्या चपट्या शेंगा आणून परड्यात पेरल्या. बऱ्याच रुजल्याच नाहीत, रुजलेली रोपं शेळ्यांनी खाल्ली. एक तेवढं वाचलं. त्याला काटेरी कुंपण झालं, उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी झालं. आमचे कधी इतके लाड झाले नाहीत.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा झाडाचा बुंधा मांडीएवढा झाला होता. मुलगा झाला. बारशाच्या आदल्या दिवशी आप्पा काजळ धरायला दिवा लावून बसले. मला भाऊ आठवला.

"आप्पा, माझ्या पोराला काजळ नको."

त्यांनी दिवा विझवला, कोयता घेतला आणि बोटभर चीर दिली.

झाडाला कोयता लागल्याचं गावभर झालं. मग ज्या घरी पाळणा हलला त्या घरची बाई करवंटी घेऊन दारात. एकाच्या चिरेतला चीक दुसऱ्याला चालत नाही, म्हणून प्रत्येकीला नवी चीर. आई चिडायची. आप्पा म्हणायचे, "आपल्या नातवाला दिलं, मग त्यांस्नी न्हाय कसं म्हणू?" चिरा वाढत गेल्या आणि दोन वर्षांत बुंध्याभोवती एकमेकींना भिडल्या. त्या साली पानगळ झाली, पालवी आली नाही.

मी माहेरी गेले होते तेव्हा आप्पांनी माझ्यासमोर बुंध्यावर कोयता मारून पाहिला. आत कोरडं, लाल काही आलं नाही. माझा मुलगा खाली पडलेल्या काटक्या गोळा करत होता.

"पहिला घाव माझाच, पोरी," आप्पा म्हणाले.

मागितलं मी होतं. तसं म्हणायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी नातवाला उचलून माझ्या कडेवर दिलं आणि कुंपणाचे काटे काढायला लागले.