ओकखालच्या चार विटा

वटपौर्णिमा, शनिवार, सकाळचे नऊ. हजर: मी, नागपूरची शेजारीण आणि तिच्या सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्याच काकू. बाकीच्यांनी उकाड्यामुळे कॅन्सल केलं.

इथे अमेरिकेत, शुगर लँडच्या आमच्या भागात वड नाही. कॉलनीमागच्या मोकळ्या जागेतल्या जुन्या ओकच्या झाडालाच आम्ही वड मानतो. पहिल्या वर्षी तिथे गवतात रुतलेल्या चार जुन्या विटा दिसल्या. त्या उपटून मी बुंध्याशी ताटासाठी चौथरा केला. त्याचं कौतुकही झालं होतं.

सूत गुंडाळून होतंय तोवर एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई फुलं घेऊन आल्या. गवतात काहीतरी शोधत फिरल्या आणि आमच्या ताटापाशी थांबल्या.

"या विटा इथे कोणी आणल्या?"

"मी," मी म्हटलं. अभिमानानंच.

"एकेक वीट एकेकाच्या उशाशी होती. खाली माझे पणजोबा आहेत. पणजी, आणि त्यांची दोन मुलं."

त्यांनी सांगितलं, पणजोबांची वीटभट्टी होती. इथली पहिली शाळा आणि जुन्या दुकानांची रांग त्यांच्याच विटांची. घरच्यांसाठी मात्र कोरीव दगड परवडला नाही. सोमवारी जागेची मोजणी करायला सर्व्हेअर येणार होता. खुणा दिसतील तेवढ्याच थडग्यांना कुंपण, उरलेल्या जागेवर पार्किंग.

विटांवर हळदीकुंकू मीच वाहिलं होतं.

"अगं, म्हणजे आपण स्मशानात सात जन्म मागत होतो?" काकू म्हणाल्या.

"आई, हळू!" शेजारीण म्हणाली.

"त्यांना कुठे मराठी कळतंय?" असं म्हणत काकू खाली वाकल्या आणि पदरानं विटांवरचं कुंकू पुसू लागल्या.

मी फोन काढला. मी फोटो वर्षवार लावून ठेवते. पहिल्या वर्षीच्या, जागा साफ करण्याआधीच्या एका फोटोत तीन विटा जागच्या जागी होत्या. बुंधा आणि मागची भिंत धरून आम्ही अंदाज घेतला, त्या बाईंनी मान डोलावली तिथे एकेक वीट बसवली. त्यांनी प्रत्येकीपाशी फूल ठेवलं.

चौथी फोटोच्या बाहेर राहिली होती.

"धाकट्याची," त्या म्हणाल्या आणि वीट मांडीवर घेऊन बसल्या.

आज रविवार, संध्याकाळ. काल न आलेल्या सगळ्यांकडून मी जुने फोटो मागवले, मोठे करून पाहिले. साड्या आहेत, ताटं आहेत, वीट कुठेच नाही. सर्व्हेअर उद्या सकाळी येतोय.

बाकी काम: धाकट्याची जागा.