चौदा नंबरची बारी

सकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटं झाली होती. गंगाखेडच्या बाहेर, मुलींच्या वसतिगृहाच्या ऑफिसात वॉर्डन बबिता घनसावंत कॉम्प्युटरसमोर बसून चौदा नंबरच्या खोलीची रेघ बघत होत्या.

वसतिगृहातल्या नेटच्या प्रत्येक जोडणीची पडद्यावर एक रेघ दिसते. नेट वापरलं की रेघ वर चढते, थांबलं की खाली बसते. कोण काय बघतंय ते कळत नाही. कधी आणि किती, एवढंच कळतं. बाकीच्या रेघा कशाही उसळत होत्या, दोन-दोन दिवस गायब होत होत्या. चौदाची रेघ मात्र घड्याळ लावल्यासारखी. पहाटे पाचला नेट सुरू झालं की ही वर. साडेसहाला जराशी खाली, पुन्हा वर, आठला बंद. संध्याकाळी सातला तोच खेळ, नऊला थोडी विश्रांती, मग अकराला नेट बंद होईपर्यंत चालू. रविवारीसुद्धा.

जोडणी संघप्रियाच्या नावावर होती. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, गाव वालूर. एकटी मुलगी इतकं नेट कशाला वापरेल, हा प्रश्न बबिताताईंच्या आधी कॉलेजच्या ऑफिसातल्या माणिकरावांना पडला होता आणि त्यांनी उत्तरही काढून ठेवलं होतं. गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"बबिताताई, चौदा नंबरला काय कारखाना चालू हाय का? पोरगी नेट इकायलीय. बंद करून टाका."

"विकते कुणाला, ते तर बघू द्या."

"बघायचं काय त्यात? नियम दारावर लावलाय तुमच्याच हातानं."

नियम खरोखरच दारावर होता. नेट हवं असेल तर सहामाही नऊशे रुपये, एका मुलीला एकच नोंदलेला फोन, जोडणी दुसरीला द्यायची नाही. दिली तर सत्र संपेपर्यंत बंद. आणि बंद म्हणजे खरंच बंद, कारण या इमारतीत मोबाइलला रेंज नाही. रेंज येते ती गच्चीवर, आणि गच्चीला कुलूप आहे. मुलींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची दर बुधवारी रात्री चाचणी असते. नेट गेलं तर चाचण्या गेल्या, आणि चाचण्या गेल्या तर विषय गेला.

बबिताताईंनी शुक्रवार संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली.

त्यांची ही खोड जुनी. वडील परभणीत कारकून होते, घरी शेत नव्हतं, माहेरी-सासरी सगळं नोकरीवरच. बारा वर्षांपूर्वी त्या इथे आल्या तेव्हा दर गुरुवारी वसतिगृहाची टाकी दुपारीच रिकामी व्हायची. मुली केस धुतात म्हणून, असं सगळे म्हणायचे. बबिताताई एका गुरुवारी टाकीपाशी खुर्ची टाकून बसल्या. शेजारच्या बांधकामावरचा माणूस नळी लावून पाणी नेत होता. तेव्हापासून सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास कमीच.

आता पडद्यावर मागे जाता जाता त्यांना परवाच्या बुधवारची रेघ सापडली. संध्याकाळी सात ते नऊ फोन जोडलेला होता, पण रेघ जमिनीला चिकटलेली. नेट विकणारी मुलगी भर गिऱ्हाइकीच्या वेळी दुकान उघडं टाकून बसेल कशाला? शिवाय बबिताताईंना आठवलं, त्या दिवशी त्याच वेळी संघप्रिया जिन्याच्या पायरीवर रिकाम्या हातांनी बसली होती.

सहा वाजता त्यांनी चौदाचं दार वाजवलं. आत चार मुली. फोन एकीच्या हातात, बाकीच्या झोपेत.

"काय गं संघप्रिया, बुधवारी सात-आठच्या सुमाराला तुझा फोन कुठे होता?"

संघप्रिया डोळे चोळत उठली. "भक्तीच्या उशीवर, मॅडम."

"आणि भक्ती?"

"ती पिंगळीला गेली होती, घरी."

"म्हणजे फोन तिच्या उशीवर आणि ती पिंगळीला?"

"तिची बारी होती नं, मॅडम."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नऊशे रुपये चौघींनी मिळून भरलेले. फोन एकच, संघप्रियाचा. दिवसाच्या चार बाऱ्या, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन. दर सोमवारी बारी एकेक घर पुढे सरकते, म्हणजे पहाटेचा त्रास कायम एकीलाच नको. बुधवारी रात्री जिची बारी नसते, ती चाचणीपुरता फोन बारीवालीकडून मागून घेते.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवायचं काय त्यात?" भक्ती म्हणाली. "आमच्या हिरीत तीन वाटे हायेत. हिच्या हिरीत चार. मोटर अशीच चालती."

"बरं. पण भक्ती नव्हती, फोन मोकळा पडला होता. तू का नाही घेतला?"

"बारी तिची हाय, मॅडम," संघप्रिया म्हणाली. " चुलता गावाला गेला म्हणून त्याच्या बारीला कुणी आपली मोटर लावतं का? लय भांडणं व्हत्यात."

"आणि तुझी चाचणी?"

उत्तर भक्तीनं दिलं. "नऊनंतर तिसरीची बारी व्हती, त्यात तिची अन् चौथीची चाचणी झाली; माझी मी घरच्या फोनवर दिली. हिची चाचणी ऱ्हायली. मी आल्यावर लय बोलले हिला. येडी हाय ही, मॅडम! फोन स्वतःचा अन् चाचणी बुडवून बसली."

"तू सांगून ठेवलं असतंस तर?" संघप्रिया म्हणाली. "जाताना सांगून जायचं असतं."

बबिताताई तिथेच खाटेच्या कडेवर बसल्या. विहिरीच्या वाट्यांबद्दल त्यांनी आणखी बरंच विचारलं. वीज रात्रीची असली तर काय, पाणी आटलं तर काय, पाहुणा आला तर काय. मुलींनी सांगितलं. बोलता बोलता साडेसहा वाजले आणि फोन पुढच्या हातात गेला.

संध्याकाळी त्यांनी माणिकरावांना जसं होतं तसं सांगितलं.

"म्हणजे नियम मोडलाच की," माणिकराव म्हणाले.

"मोडला. विकलं मात्र नाही."

"उद्या सगळ्या खोल्या हेच करतील. मग नेटचं बिल कोण भरणार?"

"निम्म्या मुली आज नेट घेतच नाहीत, साहेब. त्यांच्या खोलीत एक-एक जोडणी आली तर जोडण्या वाढतील का कमी होतील?"

"तुमी वकील व्हायला पायजे होतं," माणिकराव शेवटी म्हणाले. "या सत्रापुरतं चालू द्या. चौघींची नावं त्या फोनच्या नोंदीत लिहून पाठवा. फोन खोलीबाहेर दिसला की बंद. प्राचार्यांना मी सांगतो."

संघप्रियाची बुडालेली चाचणी परत मिळणार नाही, असं उत्तर विद्यापीठाच्या मदत केंद्रावरून त्याच दिवशी आलं होतं. एक चाचणी चुकली तर चालते, दुसरी चुकवता येत नाही.

उद्या शनिवारी भक्ती पहिल्या बसनं पिंगळीला जाणार आहे. तिची सात ते नऊची बारी ती संघप्रियाला देऊन जाणार आहे.