दोन नकाशे, एक तळं आणि शंभर मीटरचा फरक

दोन वर्षांपूर्वी, २००४च्या उन्हाळ्यात, मी लेकीकडे अमेरिकेत बेलव्ह्यूला आले होते. तेव्हा आम्ही डोंगरातल्या एका तळ्याला निघालो आणि मी अर्ध्या वाटेतून परत फिरले. घडलं ते एवढंच. पण माझी लेक मृणाल तेव्हापासून ही गोष्ट अशी सांगते, की जणू मला झोळीत घालून खाली आणावं लागलं होतं. यंदा मी पोचले, चहा झाला, आणि तिने ग्रीन कार्डाचे कागद टेबलावर ठेवले. तू पुण्यात एकटी, गुडघे हे असे, साध्या तळ्यापर्यंत जमलं नव्हतं तुला, आता इथेच राहा. मी म्हटलं, त्याच तळ्याला पुन्हा जाऊ. पोचले तर हे कागद कपाटात. नाही पोचले तर निमूट सही करते.

बोलून गेले खरी, पण पुण्याचं माझं घर, माझी सकाळची टेकडी आणि माझा हेकटपणा, सगळंच मी पणाला लावून बसले होते.

आता २००४ची खरी हकिकत. माझा जावई समीर मूळचा नागपूरचा, पोटापाण्याला सॉफ्टवेअर आणि हौसेला यंत्रं. मुठीत मावणारं एक जीपीएस त्याच्या कमरेला कायम लटकलेलं असतं. त्यात त्याने अमेरिकेच्या डोंगरांचे नकाशे भरले होते. त्या नकाशात तळ्याची वाट शाळेच्या पट्टीसारखी सरळ होती आणि चढ नावालाच. प्रत्यक्षात तिथे शिडीसारखे वळणावळणाचे टप्पे निघाले. तीस वर्षं मी पुण्यात नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत समोच्च रेषा ओढल्या आहेत. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी ती रेघ. दोन रेघा जवळ आल्या की चढ, चिकटल्या की कडा. त्या नकाशात शंभर-शंभर फुटांनी एक रेघ होती, तीही इस्त्री मारल्यासारखी. मधला चढ गेला कुठे? माझ्या गुडघ्यांत.

म्हणून या खेपेला समीरने दुसरं सॉफ्टवेअर आणलं आणि आठवडाभर आमचं जेवणाचं टेबल नकाशांना दिलं. तुम्हीही घेण्याच्या विचारात असाल तर सांगते. दोन्ही शंभर डॉलरच्या आसपास पडतात. पहिल्याचा नकाशा थेट यंत्रात भरता येतो, त्यामुळे आपण कुठे उभे आहोत ते पडद्यावर दिसतं. पण तपशील बेताचा. दुसऱ्यात जुने सरकारी कागदी नकाशेच जसेच्या तसे आहेत. चाळीस फुटांनी एक रेघ, ओढे, दलदल, पडकी झोपडी, सगळं. मला तर माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. दुःख एवढंच की हा नकाशा यंत्रात जात नाही. घरी छापून घ्यायचा आणि हव्या त्या जागांचे आकडे यंत्रात घालायचे. शिवाय सीड्यांची ही चळत. जरा पूर्वेला सरकलात की दुसरी सीडी मागतो.

"आई, सॉफ्टवेअरमध्ये पॉइंटवर क्लिक केलं की आपोआप लोड होतो," समीर म्हणाला.

मी म्हटलं, मला क्लिक नको. छापलेल्या कागदावर पट्टी ठेवून कडेचे अक्षांश-रेखांश मी वाचते, तू यंत्रात घाल. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी बोटांवर पट्टी मारून शिकवलेला नीटनेटकेपणा आहे, तो काय फुकट घालवायचा? समीर गुणी आहे. त्याने मुकाट्याने आकडे घातले. ज्या फाट्यावरून तळ्याची वाट डावीकडे फुटते, तो फाटा आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा होता.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. नव्वद नंबरच्या हायवेने पूर्वेला अर्धा-पाऊण तास, मग नॉर्थ बेंडला कॉफी. स्वच्छतागृहही तिथेच उरकून घ्या. वर जे आहे त्याला मी स्वच्छ म्हणणार नाही. पुढे सहा मैल खडीचा जंगलरस्ता आणि त्यात खड्डे असे, की मला क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं. गाडी लावायचा दिवसाचा पास पाच डॉलर, तो आधीच घ्या. तळ्याचं नाव मात्र मी सांगणार नाही. वर जेमतेम दहा गाड्यांची जागा आहे आणि मला पुन्हा जायचंय.

चढ तसाच होता, पण यंदा मला तो आधीच माहीत होता. छापील नकाशाची घडी हातात धरून मी प्रत्येक टप्प्याआधी सांगत होते, आता सहा वळणं, मग सपाट, मग ओढा. सपाटीला बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. डास भयंकर. मृणाल दर दहा मिनिटांनी वळून "आई, ओके ना?" विचारत होती. चौथ्यांदा मी तिला म्हटलं, की माझ्याकडे बघत चाललीस तर तूच पडशील. ती हसली. लहानपणापासून ती हसू आवरायला खालचा ओठ चावते, ते आवडतं मला.

अडीच तासांनी यंत्राने टुणटुण केलं. फाटा जवळ आला होता. पण बाण दाखवत होता उजवीकडे, तीनशे फूट, आणि उजवीकडे होती काटेरी झुडपांनी भरलेली उतरण. समीर त्यात घुसला. दहा मिनिटांनी वर आला तेव्हा बाही फाटलेली आणि केसांत पानं.

"काहीच नाहीये यार तिथे. हे नवं सॉफ्टवेअरच बोगस आहे."

मृणाल दगडावर बसली. तिचा आवाज अगदी मऊ झाला होता आणि त्याचीच मला भीती वाटली. "आई, बास. दोन-दोन नकाशे आहेत आणि रस्ता नाही. परत जाऊ या."

मी नकाशाची घडी उलगडली. खालच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, मोजणीचा पाया १९२७चा. पृथ्वी मोजायची तर कुठून तरी पाया धरावा लागतो. जुन्या कागदांचा पाया वेगळा, जीपीएसचा वेगळा. एकाचे आकडे दुसऱ्यात तसेच घातले तर या भागात जागा शंभरेक मीटर पूर्वेला सरकते. म्हणजे तीनशेहून थोडे जास्त फूट. सॉफ्टवेअरला क्लिक करू दिलं असतं तर त्याने हा हिशेब आपला आपण केला असता. आणि कडेची ही बारीक ओळ न वाचता नकाशा वापरणाऱ्यांना मी कचेरीत तीस वर्षं फाडून खाल्लं होतं.

म्हणजे आम्ही फाट्यावरच उभे होतो.

मला नुसतं "डावीकडे बघ रे" म्हणता आलं असतं. वाट सापडली असती, वर शाबासकी मिळाली असती, दोष सॉफ्टवेअरच्या माथी. आणि खरं सांगायचं तर मी तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं. कारण मृणालला ज्याची धास्ती, ते नेमकं हेच. आई विसरायला लागली.

सिस्टर म्हणायच्या, चूक पकडली जायच्या आधी हात वर करायचा. त्या जंगलात, सहासष्टाव्या वर्षी, मी खरोखरच हात वर केला.

"सॉफ्टवेअर ठीक आहे. चूक माझी आहे. मी ही ओळ वाचली नाही."

समीरने नकाशा घेतला, ओळ वाचली आणि डावीकडे गेला. एक भला मोठा देवदार वाटेवर आडवा पडला होता. त्याच्यावर चढून तो पलीकडे बघत म्हणाला, "इथे आहे. अगदी इथेच."

मृणाल माझ्याकडे बघत राहिली. "तू सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं. पुण्यात काही बिघडलं तर तेही मीच सांगेन. त्यासाठी मला इथे आणून बसवायची गरज नाही."

देवदार ओलांडताना तिने हात पुढे केला, आणि मी पहिल्यांदाच तो घेतला.

तळं कसं होतं? हिरवं, इतकं थंड की पाय घातले आणि घोट्यांची जाणीवच गेली, आणि पलीकडच्या काठाला जुलैतही बर्फ. पाण्यात पाय सोडून आम्ही दोघींनी तह केला. वर्षातून एकदा मी येणार. ती म्हणाली रोज फोन, मी म्हटलं दिवसाआड. ठरलं रोज, पण पाच मिनिटं आणि गुडघ्यांचा विषय नाही. कागद त्याच संध्याकाळी कपाटात गेले.

तर, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? परवडत असेल तर दोन्ही. पहिलं यंत्रात, दुसरं कागदावर. कागद झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, घरच्या प्रिंटरची शाई पावसात वाहून जाते. आकडे हाताने घालू नका. घातलेत तर कडेची ओळ वाचा.

मी पुण्याला निघाले तेव्हा समीरने नवं यंत्र घेतलं आणि जुनं माझ्या पिशवीत टाकलं. इथे पुण्यात पहिल्या दिवशी यंत्राला उपग्रह सापडायला वीस मिनिटं लागली. पृथ्वीच्या भलत्याच बाजूला आल्यावर माणसालाही लागतात. अमेरिकेचे नकाशे इथे काय उपयोगाचे? पडदा पांढरा, एक रेघ नाही. त्यात समीरने एकच जागा भरून दिली आहे, "मृणाल" नावाची.

सकाळी टेकडीवर जाताना मी ती लावून ठेवते. अंतर साडेबारा हजार किलोमीटर. चढण उत्तरेकडे जाते आणि बेलव्ह्यूची सर्वांत जवळची, ध्रुवावरून जाणारी दिशाही साधारण तीच, त्यामुळे चढताना यंत्र इमानेइतबारे सांगतं की या चालीने पोचायला तीन हजारांवर तास लागतील. माथ्यावरून घराकडे वळलं की मृणालकडे पाठ होते, आकडा जातो आणि नुसत्या रेघा येतात. काल फोनवर मृणालने विचारलं, आज किती? मी म्हटलं, एकतीसशे. ती म्हणाली, परवा तर बत्तीसशे होते.

म्हणजे चाल सुधारली आहे. गुडघ्यांचा विषय आडून तिनेच काढला, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं नाही.