हळदीच्या सीड्या

“आधी सांग, वाजवशील कशावर?” आमचे सीडीवाले काका गिऱ्हाइकाला हे विचारल्याशिवाय मालाला हात लावू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइक गांगरायचं आणि समोरच्या टपरीवर जाऊन चहा प्यायचं. तुमच्याही गावात असा एखादा दुकानदार असेल, ज्याला धंद्यापेक्षा उलटतपासणीची हौस जास्त.

शहापुरात माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या शेजारीच. सगळं जग मोबाइलवर गाणी ऐकू लागलं, तेव्हा काकांनी जाहीर केलं, “आता आपन ऑनलाइन!” इंटरनेटवरचं विक्रीचं पान अर्थातच मी बनवलं, फुकटात. मालही एकच. काकांची बायको, म्हणजे मूळच्या शेणवे गावच्या आमच्या काकू, हळदीला गायच्या, ती गाणी काकांनी मांडवामांडवांत जाऊन स्वतः रेकॉर्ड केलेली. काकू गेल्या आणि सीड्यांचे गठ्ठे मागे राहिले. काकूंचा आवाज कुणीतरी ऐकावा, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. पैशाचं काकांना सोयरसुतक नव्हतं.

ऑनलाइन गिऱ्हाइकांनाही काका फोन लावायचे. “ताई, ऑर्डर टाकलीत, पन मशीन हाय का?” ताई ऑर्डर रद्द करायच्या. मी कपाळाला हात लावायचो.

मग धसईहून एका शेतकऱ्याची ऑर्डर आली. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या सीड्या! काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

“मागून चकाकतात ना? ओरखडे नाय ना?” पलीकडून प्रश्न आला.

“एक ओरखडा नाय!” काका फुलून म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “बघ रे, दर्दी मानूस हाय. जात्याच दर्दी!” या आनंदात मशीनचं विचारायचं राहूनच गेलं.

कुरिअरवर भरवसा कसला! काकांनी एकेक सीडी मऊ फडक्याने पुसली आणि मला हमाल करून एसटीत बसवलं. मुरबाडला गाडी बदलून धसईला पोचलो. दर्दी माणूस काकडीच्या मळ्यात होता. त्याने पिशवी घेतली, पहिली सीडी काढली, भोकात सुतळी ओवली आणि काठीला टांगली.

“पाखरं लय भितात हिला,” तो कौतुकानं म्हणाला.

“अरे, गानी हायत ती! शेनव्याच्या माझ्या बायकोची!” काकांचा आवाज चिरकला. मला हसू येत होतं आणि हसणाऱ्या स्वतःचा रागही येत होता.

बांधावर त्याची म्हातारी आई खुरपं घेऊन बसली होती. “कोन बायको? शेनव्याची? उंच आवाजाची?” तिने विचारलं. “आरं बाबा, माझ्या लेकीच्या हळदीला तीच तर आलेली. रातभर गायली, घसा बसला नाय तिचा.” आणि म्हातारी फाटक्या आवाजात काकूंचं गाणं म्हणू लागली, अगदी काकूंसारखे हेल काढून. काका मातीतच बसले. शेतकरी सुतळी हातात धरून तसाच उभा राहिला.

सीड्या तिथेच ठेवून आम्ही निघालो. मुरबाडच्या स्टँडवर काका म्हणाले, “ते पान बंद कर रे. हाय ती, लोकांच्या तोंडात हाय.”

मी पान बंद केलं. गेल्या श्रावणात काका गेले. दहाव्याला ती म्हातारी धसईहून आली. हळदीचं गाणं अशा दिवशी म्हणत नाहीत, म्हणून ती ओठ मिटून बसून राहिली. तिला तसं गप्प बसलेलं पाहिलं आणि मला रडू आवरेना.