नारखेडे सरांचा दुसरा दिवस

रविवारी वरण-बट्टी जेवूनही ज्याला झोप येत नाही, त्याने डॉक्टरला दाखवावं. उल्काबाई चौधरींना तशी गरज नाही. त्या पलंगावर आडव्या होतात, हर्षाली बाविस्करचा निबंध पोटावर ठेवतात आणि पाच मिनिटं डोळे मिटून मग काय तो निर्णय घेऊ, असं स्वतःला सांगतात. पंखा दर फेरीला एकदा कुरकुरतो. बाहेरच्या खोलीत मिस्टर आवाज बंद करून मॅच बघतायत. बायकोवरची माया दाखवायची त्यांची हीच एक तऱ्हा आहे, आणि उल्काबाईंनी ती केव्हाच मान्य करून टाकली आहे.

निर्णय मात्र घ्यायलाच हवा. उद्या विद्यापीठात निबंधवाचनाची स्पर्धा आहे. कॉलेजातून कोण जाणार, हे मराठीच्या विभागप्रमुख म्हणून त्यांनी आज संध्याकाळपर्यंत प्राचार्यांना कळवायचं आहे. नावं दोन. एक स्वप्नील, जो हातात द्याल ते गोड आवाजात वाचतो. दुसरी हर्षाली, जी हातात दिलेलं आधी उलटंपालटं करून बघते.

निबंधाचा विषय गिरजेचं आख्यान. ते रचणाऱ्या शाहिराचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण अभ्यासक्रमातून ते कुणी काढतही नाही. गिरजेचा नवरा नावाडी. तो व्यापाऱ्यांचा माल घेऊन नदीने खाली जातो, येतो म्हणून सांगतो आणि येत नाही. त्याच्या नावेला किनारा सापडावा म्हणून गिरजा रोज सांजेला घाटावर दिवा ठेवते. वर्षांमागून वर्षं जातात. शेवटी शाहीर एवढंच सांगतो की त्या सांजेला घाटावर दिवा नव्हता. तिथेच आख्यान संपतं.

हे आख्यान वाचणाऱ्या पोरांचे सगळे नमुने उल्काबाईंच्या हिशेबात नोंदलेले आहेत. काहींना प्रत्येक कवितेत निसर्गाचं सुंदर वर्णन दिसतं, मग कविता तुरुंगावरची का असेना. काहींना कुठेही आई सापडते. एका वर्षी तर अख्ख्या वर्गाला गिरजेत समाजव्यवस्था दिसायला लागली. चौकशी केल्यावर कळलं की बाजारात नवं गाईड आलंय. आणि मागच्या बाकावरचा एक जण दरवर्षी नव्या नावाने येतो आणि तेच विचारतो, ‘मॅडम, पण त्याने कुणाकडे निरोप का नाही धाडला?’ त्याला मार्क कमी पडतात, पण बाईंचा जीव त्याच्यावरच असतो.

हर्षाली यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाही. शुक्रवारी स्टाफरूममध्ये ती सगळ्यांदेखत म्हणाली, “मॅडम, गिरजा मेली असं कुठे लिहिलंय?”

“दिवा नव्हता याचा अर्थ काय होतो मग? प्राणज्योत गेली तशी घाटावरची ज्योतही गेली. आमचे नारखेडे सर शिकवायचे.”

“सरांनी शिकवलं म्हणून ती मेली का?”

इतिहासाच्या देवरे सरांनी चहाचा कप तोंडाशीच धरून ठेवला. उल्काबाईंचा आवाज चढला नाही, तो चढत नसतो, उतरतो. “शेवटचं पान काढ. नाहीतर स्वप्नील जाईल.”

“मग त्यालाच पाठवा, मॅडम. एम.ए.चंही मी जरा बघते. पाठच करायचं असेल तर ते घरी बसूनसुद्धा होतं.”

ते एम.ए.चं लागलं. अशी पोरगी दरवर्षी येत नाही. पण नारखेडे सरांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यांनी पुस्तक लिहिलं नाही, त्यांचं घरही विकलं गेलं. सरांचं म्हणून जे काही उरलंय ते आपल्या शिकवण्यात आहे, अशी उल्काबाईंची समजूत. गिरजा जिवंत ठेवायची तर सर पुसायचे. हा व्यवहार त्यांना जमत नाही.

पंखा कुरकुरतो. कुरकुर लांबत जाते, पांढरी होते, फळ्यावर उमटायला लागते.

नारखेडे सर पाठमोरे उभे राहून फळ्यावर लिहितायत. बुशशर्टाची कॉलर नेहमीसारखी एका बाजूने उभी. उल्काबाई तिसऱ्या बाकावर बसल्यात, आणि गुडघे आजचे असल्यामुळे ते बाकाखाली मावत नाहीत. सर गेलेत हे त्यांना माहीत आहे. सरांनाही माहीत असावं. पण गेलेल्या माणसाला तोंडावर तसं म्हणणं बरं दिसत नाही.

“सर, जेवलात का?” त्या विचारतात.

“वासावर भागवलं. तूप हात राखून घातलंस.”

“मिस्टरांचं कोलेस्टेरॉल वाढलंय.”

“त्यांच्या बट्टीत घालू नकोस. माझ्या वासात काटकसर कशाला?”

सर वळतात. चेहरा तोच, फक्त कडा जरा धुरकट, ओल्या कपड्याने पुसलेल्या फळ्यासारख्या. उल्काबाई घाईघाईने सगळं सांगून टाकतात. हर्षाली, तिचं शेवटचं पान, स्टाफरूम, संध्याकाळपर्यंतची मुदत. शाळेतून घरी आलेल्या मुलीने मैत्रिणीची चुगली करावी तसं.

“आणि मी काय म्हणालो होतो म्हणतेस?” सर विचारतात.

“की गिरजा मेली.”

“मी?”

“तुम्हीच, सर. डोळ्यांत पाणी आणून. अख्खा वर्ग रडला होता.”

“हां. तो गुरुवार,” सर म्हणतात. “शुक्रवारी कुठे होतात सगळे?”

उल्काबाई उत्तर द्यायला उभ्या राहतात तर वर्ग नाहीच. पत्र्याची शेड आहे, पेटी वाजतेय, गॅदरिंगची तालीम रंगात आलीय. कुणीतरी काजळाने त्यांना मिशी काढतंय, हलू नको गं म्हणतंय. शेडच्या टोकाला कपड्यांच्या दुकानासारखा लांब आरसा. त्यात मिशी लावलेली विशीची उल्का आहे आणि तिच्या मागे, दूर, एका दारातून वर्ग दिसतोय. रिकामा. नारखेडे सर टेबलाशी उभे राहून हजेरी घेतायत. एकेक नाव पुकारतात, थोडं थांबतात, पुढचं घेतात.

“सर,” उल्काबाई आरशातच म्हणतात, “तो सासरचा दिवस होता?”

सर हसतात. कारण हे नाव पोरांनी ठेवलेलं होतं आणि त्यांना ते कळलेलं आहे हे पोरांना माहीत नव्हतं. सरांची पद्धतच तशी होती. कुठलीही कविता ते दोन दिवस शिकवत. पहिल्या दिवशी जे त्यांना मुळीच पटत नसे ते म्हणणं मांडायचे, आणि अशा जिव्हाळ्याने मांडायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, सरांचं जन्मभराचं मत हेच. दुसऱ्या दिवशी येऊन ते एकेक वीट काढत सगळं उतरवायचे आणि मग स्वतःचं सांगायचे. पहिला दिवस सासरचा, दुसरा माहेरचा. ज्याचं खोडायचं त्याचं आधी त्याच्याहून चांगलं मांडता आलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

“म्हणजे गिरजेचं माहेर राहूनच गेलं,” उल्काबाई म्हणतात.

“राहतंय कशाला? मी आलो होतो ना. तास घेतला पूर्ण.”

“कुणाला?”

“बाकांना. चांगले होते बाक. एकानेही उतरवून घेतलं नाही.”

“रागावला होतात?”

“गॅदरिंगच्या दिवसांत पोरं बाकावर बसली असती तर काळजी वाटली असती. येताना शेडमध्ये डोकावलो होतो. मिशी छान दिसत होती तुला.”

आरसा आता खिडकी झालाय. खिडकीबाहेर पाण्याचा आवाज.

“मग नंतर का नाही सांगितलंत?”

सर खडूची पूड हातावरून झटकतात. “चाचणीत तू त्या गुरुवारचंच लिहिलंस. इतकं गोड लिहिलंस की मला स्वतःलाच घटकाभर पटलं. वर्गात पहिली आलीस, आईबरोबर पेढे घेऊन घरी आलीस माझ्या. ते पेढे तोंडात असताना काय सांगू? म्हटलं, हुशार आहे, येईल कधीतरी आपणहून भांडायला.” ते तिच्याकडे बघतात. “तू काही आली नाहीस. दरवर्षी वाट बघायचो. तू आपली नमस्कार करायचीस आणि जायचीस.”

उल्काबाई हाताने काजळाची मिशी पुसायला लागतात. सरांना ते दिसतं आणि ते लगेच आवाज बदलतात. “नमस्कार फार व्यवस्थित करायचीस पण. वाकून वगैरे.”

“आता सांगा, सर. दुसऱ्या दिवशी काय सांगितलंत?” त्या बाकावर पेन शोधतात, पर्स चाचपतात, केसांतसुद्धा हात घालून बघतात. पेन कुठेच नाही.

“बघा. निघाल्या उतरवून घ्यायला. पेन राहू दे. हे धर आणि ओढ.”

हातात दोर येतो. जाड, खरखरीत, ओला. समोर तापीचं पात्र पसरलेलं आणि ज्यावर टेबलखुर्ची असते ते वर्गातलं लाकडी व्यासपीठ पाण्यावर तरंगतंय. सर खुर्चीवर बसलेत, पाय वर घेऊन. दोर पुढे पाण्यात शिरतो आणि पलीकडच्या अंधूक काठाकडे जातो. उल्काबाई ओढतात. व्यासपीठ कुरकुरतं, हातभर सरकतं.

“ती पोरगी म्हणते काय नेमकं?” सर विचारतात. “तिचंही आधी नीट मांड. तिच्याहून चांगलं.”

उल्काबाई ओढता ओढता आठवून बघतात. पोटावर तेच पान तर होतं. “ती म्हणते, हा शाहीर मरणाच्या बाबतीत हात आखडणारा नाही. गिरजेचा बोकड मरतो तेव्हा अख्खं कडवं खर्च करतो. राघू मरतो तेव्हा दोन. सासू जाते तेव्हा तर गावजेवणात काय वाढलं तेही सांगतो. असा माणूस गिरजेच्या मरणाला एक शब्दही देणार नाही? बोकडाहून ती स्वस्त?”

दोर ओढायचा थांबवून त्या वळून बघतात तर सर तोंडावर हात धरून हसतायत, खांदे हलेपर्यंत.

“बोकड,” ते म्हणतात. “अगं, तो माझ्या लक्षातच नव्हता आला.”

“म्हणजे तुम्हीही हेच सांगितलं नव्हतंत?”

“छे. माझं वेगळंच होतं काहीतरी. बोकडासमोर टिकलं नसतं.” आणि हे म्हणताना सर इतके खूश दिसतात की उल्काबाईंना त्या न पाहिलेल्या शुक्रवारचा हेवा वाटतो. “पुढे काय म्हणते?”

“इथपर्यंत वाचून मी पान मिटलं, सर.”

“अरेरे. मग ओढ.”

त्या ओढतात. तळवे भाजतात. मागच्या काठावर कुणी निसर्गाचं वर्णन म्हणतंय, कुणी आई, कुणी निरोप का नाही धाडला, आणि ते सगळे आवाज बारीक होत जातात. समोर घाटाच्या पायऱ्या दिसायला लागतात. सांज उतरलीय. पायऱ्यांवर कुठेही दिवा नाही.

“मला या अंतरावरचं दिसत नाही,” सर म्हणतात. “चष्मा कुणी बरोबर दिला नाही. तू सांग.”

“घाटावर दिवा नाही, सर.”

“ते शाहिराने सांगितलंय. तुला काय दिसतं ते सांग.”

उल्काबाई डोळे बारीक करतात. घाटाच्या वर चढणीला एक घर आहे. दार उघडं. “दिवा घरात आहे,” त्या सावकाश म्हणतात. “ती जेवायला बसलीय. एकटीच. मन लावून जेवतेय.” मग दोर तसाच धरून, “सर, आपण उतरून विचारायचं का तिला?”

त्या वळतात तर खुर्ची रिकामी. व्यासपीठ एकदम हलकं झालंय.

पंखा कुरकुरतो. निबंध फरशीवर पडलाय, शेवटचं पान वर. उल्काबाई उठतात, डोळ्यांवरचा वाकडा झालेला चष्मा सरळ करतात आणि मिटलेलं पान उचलून उभ्याउभ्या वाचून काढतात. हर्षालीच्या मते गिरजेने दिवा घरी नेला, कारण घरातही अंधार होता आणि तिथे तर एक माणूस खरोखरच राहत होतं. दोन ठिकाणी वाक्यं लटपटलीत. एका ठिकाणी पुरावा तोकडा आहे. त्या पेन्सिलीने तिथे खूण करतात आणि फोन लावतात.

“हं, मॅडम.” आवाज गुळगुळीत थंड.

“उद्या सकाळी सातला स्टँडवर ये. तू जातेयस.”

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी होते. “शेवटचं पान काढून?”

“पानासकट. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही, हे ऐकून ठेव. नवरा परत आलाच असता तर त्याच्या नावेचं काय, याचं उत्तर तुझ्याकडे नाही. मी बसमध्ये विचारणार आहे.”

“आहे उत्तर,” हर्षाली म्हणते. मग गॅस बंद करून, “म्हणजे सकाळपर्यंत असेल.”

“आणि एक. सुरुवातीला गिरजा मेली असं म्हणणाऱ्यांची बाजू दे. पुरी दे, हातचं न राखता. ऐकणाऱ्याला रडू आलं पाहिजे.”

“मला पटत नसताना?”

“म्हणूनच.”

हर्षाली फोन ठेवत नाही. मग विचारते, “मॅडम, हे असं कोण करायचं?”

“बसमध्ये सांगते. लांबचा रस्ता आहे.”

फोन ठेवताना अंगठ्याखाली काहीतरी टोचतं. उल्काबाई तळवा खिडकीच्या उजेडात धरतात. कातडी लाल झालीय, आणि तिच्यात अंबाडीच्या दोराचं एक बारीक, भुरकट कुसळ रुतून बसलंय. घरात कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा नायलॉनची आहे. मिस्टर दारात येऊन चहा टाकू का विचारतात. त्या मूठ मिटतात आणि हो म्हणतात.