मावशीचं नाक, सात स्प्रे आणि एक भरलेला टब

या वेळी ना किल्ला, ना धबधबा, ना होमस्टे. या वेळी मी माझ्या शालूमावशीला गाडीत घालून डोंबिवली, कल्याण, ठाणे असा दिवसभर वास घेत फिरले. हसू नका. ज्यांना बॉडी स्प्रे आणि बाथ बॉम्ब या प्रकारांत रस आहे त्यांच्यासाठी भाव, रस्ते, पार्किंग सगळं खाली दिलंय. ज्यांना नाही, त्यांनी मावशीसाठी वाचा.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. शाळेत भूगोल शिकवायची, आता निवृत्त. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, आणि तिच्याइतकी लबाड बाई आमच्या अख्ख्या खानदानात झाली नाही. मध्यंतरी तिला जबरदस्त ताप आला. ताप उतरला, पण तेव्हापासून नाकाला कशाचाच वास येईना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, रोज लवंग आणि लिंबू हुंगत जा. त्यात एका सकाळी तिने गॅसवर ठेवलेलं दूध करपून भांडं काळंठिक्कर पडलं, घरभर धूर झाला आणि ही बाल्कनीत शब्दकोडं सोडवत बसलेली. समोरच्या काकूंनी दार बडवलं तेव्हा कळलं. काकूंनी दार बडवलं ते बडवलं, वर तिच्या मुलाला फोनही केला.

मुलगा म्हणजे हेमंतदादा. घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहतो. मनाने चांगला, पण सगळ्या गोष्टींची मीटिंग घेतो. त्याने मावशीला सांगून टाकलं, "आई, शनिवारी दुपारी इकडे ये. डोळे बांधून पाच वस्तू हुंगायला देणार. ओळखल्यास तर रहा डोंबिवलीत. नाहीतर तो फ्लॅट भाड्याने देऊ आणि तू कायमची आमच्याकडे."

लगेच मावशीचा मला फोन. "वृंदे, लवंगा हुंगून हुंगून वीट आलाय. ते दुकानांत फवारे मारून बघायला देतात ना फुकट? शनिवारी सकाळी निघू. वाटेत सराव करू आणि दुपारी परीक्षेला बसू."

मी कल्याणला राहते, माझी गाडी जुनी आहे आणि माझ्या ब्लॉगला विषय हवा होता. मी हो म्हटलं.

पहिला मुक्काम, डोंबिवली. मावशीच्या घराजवळच सौंदर्यप्रसाधनांचं एक दुकान आहे. दीडशे ते अडीचशे रुपयांत बॉडी स्प्रे मिळतात, नमुन्याच्या बाटल्या काउंटरवरच असतात. पार्किंग विसरा, गाडी बिल्डिंगखाली ठेवा आणि चालत जा. आमचा नियम असा ठरला की मी कागदाच्या पट्टीवर स्प्रे मारायचा, बाटली पाठीमागे लपवायची आणि तिने ओळखायचं.

पहिली पट्टी तिने नाकाशी धरली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गोड आहे. गुलाबासारखं काहीतरी."

बरोबर. दुसरी? "हा पुरुषी आहे. टायवाला माणूस लिफ्टमधून उतरल्यावर मागे राहतो तसा." तोही बरोबर. मी आनंदाने तिला मिठीच मारली. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम कोरी पट्टी दिली आणि नाक मुरडून दाखवलं.

"शी, फारच भडक," मावशी म्हणाली.

म्हणजे बाई माझा चेहरा वाचत होत्या. छत्तीस वर्षं वर्गातल्या मुलींचे चेहरे वाचलेत, माझ्या एका चेहऱ्याचं काय घेऊन बसलात. मी रागावले तर म्हणते, "हेमंत स्वतःचा चेहरा थोडाच झाकणार आहे?" अगं पण तुझे डोळे बांधणार आहे ना, म्हटल्यावर म्हणाली, चल, कल्याणला जाऊ.

दुसरा मुक्काम, कल्याण. पत्रीपुलावर नेहमीसारखं अडकलो. सकाळी दहाच्या आत निघा, नाहीतर सोबत डबा घ्या. कल्याणच्या बाजारात आत एक जुनं अत्तराचं दुकान आहे. मालकांनी अत्तराची काडी पुढे केली तशी मावशीने सवयीने हाताची पालथी बाजू पुढे धरली, हळदीकुंकवाला धरतात तशी, आणि मग गुलाबपाण्यासाठी मानही थोडी खाली केली. मालक बिचारे काडी हातात घेऊन बघत राहिले. इकडे तळहाताच्या बाजूला, मनगटावर लावतात. मोगरा, केवडा, खस, एकेक करून दोन्ही हात भरले. माझं डोकं दुखायला लागलं. मावशी प्रत्येक वेळी "वा" म्हणायची, पण ते "वा" शेजाऱ्यांचं बाळ बघताना म्हणतात तसलं होतं.

बाहेर आल्यावर तिने मोगऱ्याचा हात पुन्हा नाकाशी नेला आणि पदराला पुसून टाकला. मी बघितलं ते तिला कळलं नाही. मला एकदम वाईट वाटलं.

तिसरा मुक्काम, ठाणे. दुर्गाडीवरून कोनगाव, भिवंडी बायपास, माजिवडा. रस्त्याचं काम चालूच असतं, दीड तास धरा. वाटेत मिसळ खाल्ली, दोघींची मिळून दोनशेच्या आत. मावशीने तर्री तीनदा मागून घेतली. "तिखट तेवढं कळतं," म्हणाली. "बाकी भिजवलेला पुठ्ठा." हे ती हसत हसत म्हणाली आणि मी माझी तर्रीची वाटीही तिच्याकडे सरकवली.

मॉलमधलं दुकान म्हणजे नुसता खेळ आहे. पार्किंगचे पैसे लागतात, पण आत तासभर हुंगा, कुणी हटकत नाही. टिप देते, चारपेक्षा जास्त स्प्रे एका वेळी बघू नका. मधे मधे कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात त्या हुंगा, आणि नवा स्प्रे थेट कातडीवर मारू नका, आधी ओढणीवर मारा. आम्ही दोघींनी यातलं काहीही पाळलं नाही. मावशीच्या अंगावर सात स्प्रे झाले. लिफ्टमध्ये एक गृहस्थ आमच्यासोबत चढले आणि पुढच्याच मजल्यावर उतरून गेले.

बाथ बॉम्ब तिथेच आहेत. टेनिसच्या चेंडूएवढे रंगीत गोळे, पाण्यात टाकले की फसफसतात आणि पाण्याला रंग, वास आणि चमकी येते. साधारण अडीचशेला दोन. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आंटी, घरी टब आहे ना?"

"बादली आहे," मावशी म्हणाली.

"बादलीत अर्धा तुकडा टाकला तरी चालेल. पण उटण्यासारखं अंगाला चोळू नका हां, लोक चोळतात."

मावशीने विचारलं, "यातला सगळ्यात जास्त वास मारणारा कुठला?"

मुलगी चाट पडली. मग तिने एक जांभळा गोळा काढून दिला. बबलगमच्या वासाचा. मी सांगते, असला वास मी जन्मात घेतला नव्हता. शाळेच्या सहलीच्या बसमध्ये चाळीस पोरं एकदम च्युइंगम चघळतायत, असा. मी म्हटलं, मावशी, लव्हेंडर घे, लिंबू घे, हे नको. तिने दोन घेतले. "रंग छान आहे. आणि हेमंतकडे टब आहे, नुसता पडलेला असतो. तुझ्या ब्लॉगला व्हिडिओ होईल."

किती प्रेमळ मावशी, असं वाटलं मला.

चौथा मुक्काम, बाविसावा मजला. घोडबंदर रोडबद्दल काय लिहू. मॉलपासून दादाची सोसायटी दिसते आणि तरी पोचायला पाऊण तास लागतो. गाडीत मोगरा, केवडा, खस, सात स्प्रे आणि दोन बबलगम. काचा खाली केल्या तर बाहेरची धूळ. मावशी आरामात बसलेली, तिला काय त्याचं.

दादाने डायनिंग टेबलावर पाच वाट्या झाकून ठेवलेल्या, शेजारी घडी घातलेला ओढणीचा पट्टा. अगदी मीटिंगच. केतकीवहिनी दार उघडताच दोन पावलं मागे सरकली. "काय गं हे, दुकान फुटलं का अंगावर?"

"आधी चेहरा धुते," म्हणत मावशी आत गेली. स्वयंपाकघरात पाणी प्यायली, मग बाथरूमच्या दारातून मला हाक मारली. "वृंदे, टब भरलेलाच आहे बघ. केतकीने आपल्यासाठी तयार ठेवलेला दिसतोय. परीक्षेच्या आधी तुझा गोळा टाकून घे, नंतर राहून जाईल."

टब खरंच काठोकाठ भरलेला. मी मोबाइल लावला आणि गोळा सोडला. काय फसफसला म्हणून सांगू. पाणी जांभळं, वर चंदेरी चमकी, आणि वास असा उसळला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

वहिनी धावत आली आणि कपाळावर हात मारून टबाच्या काठावरच बसली. "वृंदा, अगं हे साठवणीचं पाणी आहे. टँकर उद्या येईल की परवा, कुणाला ठाऊक. भांडी, धुणं, फ्लश, सगळं यातच करतो आम्ही."

घोडबंदरला नव्याने घर बघणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. टब देतात, पाण्याचं तुमचं तुम्ही बघा. इथे कुणीही टबात अंघोळ करत नाही, टब म्हणजे आडवं ठेवलेलं पिंप. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. दादा तांब्या घेऊन आला, वहिनीने गाळणं आणलं, आणि आम्ही तिघं जण उकिडवे बसून तो निसटता गोळा पकडायला लागलो. तो हातात यायचा, अजून थोडा विरघळायचा आणि परत बुडायचा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशीचा शांत आवाज आला. "केतकी, दूध कुणी ठेवलंय? उतू जाण्याचा वास येतोय."

वहिनीने दादाकडे बघितलं, दादाने वहिनीकडे. आम्ही पळालो. दूध अगदी काठाशी आलेलं आणि मावशी गॅसच्या बटणावर हात ठेवून उभी. तिने गॅस बंद केला.

"तू ठेवलंस?" दादाने वहिनीला विचारलं.

"मला वाटलं तू ठेवलंस."

"मला हॉलमध्ये वास आला," मावशी म्हणाली. "तुम्हा तिघांना कसा नाही आला?"

दादाने डायनिंग टेबलाकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं, तरी त्या पाच वाट्या..."

"आण की. पण आधी तू ओळख. मला तुझी काळजी वाटायला लागलीय."

दादाने मुकाट्याने डोळे मिटले. वहिनीने त्याच्या नाकाखाली कॉफी धरली. दादा म्हणाला, बबलगम. आलं धरलं. बबलगम. चौथ्या वाटीला तो स्वतःच हसायला लागला, वाट्या उचलून ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाला, "रहा बाई तू डोंबिवलीत." चहा झाला. दूध होतंच तापलेलं.

परतीचा रस्ता माणकोलीच्या नव्या पुलावरून धरा, वेळ खूप वाचतो आणि खाली खाडी छान दिसते. मी खुशीत होते. म्हटलं, मावशी, तुझं नाक आलं की गं.

"कुठलं आलंय," ती म्हणाली. "दूध मीच ठेवलं होतं."

मी गाडी हळू केली. "आणि टब?"

"टबात ते पाणी साठवतात हे मला ठाऊक होतं. मागच्या खेपेला मी त्यातूनच तांब्याने पाय धुतले आणि केतकीची बोलणी खाल्ली."

म्हणजे सकाळपासून मी हिच्या गाडीची ड्रायव्हर आणि हिच्या नाटकातली पडदा ओढणारी. मला राग आला, हसूही आलं, आणि मग भीती वाटली, कारण खरं नाक तसंच बंद होतं. मी तसं बोलून दाखवलं.

मावशीने काच खाली केली. मग म्हणाली, "काहीच येत नाही गं. मोगरा नाकाशी धरला तरी पाणीच. मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. पण तिथे वर मी काय करू? खाली उतरायचं तर लिफ्ट, लिफ्टमध्ये सगळे मोबाइलमध्ये. इथे भाजीवाली मला वरून टोपली सोडायला ओरडते."

मी एक अट घातली. गॅस गळला की बोंबलणारा अलार्म स्वयंपाकघरात लावायचा, दूध ठेवलं की ओट्यापाशीच उभं राहायचं, नाहीतर मी दादाला सगळं सांगणार. ती म्हणाली, "ब्लॅकमेल करतेस?" मी हो म्हटलं. सोमवारी अलार्म लागला. दर रविवारी ती लायटरचा गॅस त्याच्यापाशी सोडून तो वाजवून बघते आणि समोरच्या काकू दार बडवतात.

घरी येऊन हिशोब मांडला तर स्प्रे एकही घ्यावासा वाटला नाही. माझी गाडी अजून वास मारते. दुसरा गोळा मावशीने साड्यांच्या कपाटात ठेवला, रंग छान म्हणून. मी तिच्याकडे गेले की नाकाला ओढणी लावून बसायचे आणि ती बबलगमच्या साडीत मजेत फिरायची. देवळातल्या बायका लांब बसायला लागल्या तरी तिला पत्ता नाही, आणि आम्ही कुणी तिला सांगितलंही नाही.

परवा सकाळी तिचा फोन आला. आवाज रडका होता, मी घाबरलेच. काय झालं, विचारलं तर नुसती नाक ओढत होती.

"वृंदे," ती म्हणाली, "कपाट उघडलं मी आत्ता. शी, किती घाणेरडा वास आहे गं हा. आणि इतके दिवस तू मला हे नेसून बाहेर जाऊ दिलंस?"

मी गाडीची किल्ली शोधत होते. ती म्हणाली, थांब, फोन ठेवू नकोस, आणि फोनवरच एकेक साडी हुंगून मला शिव्या घालत राहिली.

दादाला आता सगळं सांगितलंय. हा लेख त्याच्या परवानगीने लिहिलाय. टबाच्या काठावर अजून चंदेरी चमकी आहे, तेवढी मी येऊन घासून द्यावी असं वहिनीचं म्हणणं आहे.