डावखुरे तिरंदाज

गेल्या गुरुवारी दुपारी आमच्या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी एक जुने युरोपीय कोरीव चित्र निवडले गेले. त्यात अमेरिकेच्या किनाऱ्यावर तिथले मूळ रहिवासी धनुष्य ताणून उभे आहेत. खाली ओळ ठरली होती: ‘प्रत्यक्ष पाहून काढलेले चित्र.’ वाचक ती खरी मानणार होते.

पान लावणारे सावंत म्हणाले, “ताई, ही सगळी माणसं डावखुरी कशी?”

“असतील,” पुरवणी पाहणाऱ्या वैशालीताई म्हणाल्या. “तुम्हाला काय त्यांना संघात घ्यायचंय?”

मी भिंग घेतले. प्रत्येकाने दोरी डाव्या हाताने ओढली होती. समोरचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर जसेच्या तसे कोरले, की कागदावर ते उलटे उमटते. म्हणजे मुळात ती उजव्या हातानेच दोरी ओढत असावीत, आणि कोरणाऱ्यासमोर बहुधा माणसे नव्हती, दुसऱ्या कुणाचे चित्र होते. मग त्यांच्या पिळदार पोटऱ्यांचाही भरवसा वाटेना. त्या एखाद्या युरोपीय पुतळ्याच्या असाव्यात. चेहरे तर सगळे एकाच माणसाचे होते. एका अख्ख्या खंडाची ओळख युरोपातल्या लोकांनी अशीच, कुणालाही न भेटता करून घेतली असेल.

“मग ओळ काय देऊ? पान छपाईला सोडायचंय,” ताई म्हणाल्या.

रविवारी चित्राखाली छापून आले: ‘युरोपात कोरलेले चित्र. कोरणाऱ्याने ही माणसे पाहिल्याची नोंद आम्हाला मिळाली नाही.’